दस्तगीरभाईंच्या लेथवरचे आकडे

ज्याला आपले पूर्वज जगाचा डोळा म्हणत आले, त्या सवितानारायणाला प्रथम वंदन. विघ्ने निवारणाऱ्या गजाननाला आणि वाणीला वळण देणाऱ्या शारदेला वंदन. आज आश्विनातली वद्य प्रतिपदा. कोजागिरीचे दूध काल आटोपले आणि आज पहाटे आमच्या आळीतल्या देवळात काकडआरतीला आरंभ झाला. आरती संपवून परतताना वडिवळ्याच्या शिवाराच्या अंगाने वारा आला, आणि त्या वाऱ्यात पिकत आलेल्या इंद्रायणी भाताचा वास होता. मी क्षणभर कामशेतच्या त्या ओल्या रस्त्यावर थांबलो. गेल्या वर्षी ह्याच वासाच्या दिवसांत माझे शेजारी दस्तगीरभाई ह्यांचे लेथ कायमचे थांबणार होते. तो सगळा काळ त्या एका झुळुकीने परत आणून माझ्यापुढे ठेवला. तो लिहून काढावा, एवढेच आजच्या ह्या लेखनाचे निमित्त.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत ठेवून, त्याला धारदार हत्यार लावून, हव्या त्या मापाला आणणारे यंत्र. दस्तगीरभाईंचे लेथ त्यांच्या घराच्या मागल्या पडवीत आहे. बंद पडलेल्या एका कारखान्यातून त्यांनी ते तरुणपणी आणले. त्याचा मूळचा हिरवा रंग आता फक्त कोपऱ्याकोपऱ्यांत उरला आहे. हात लागतो त्या सर्व जागा चांदीसारख्या उजळल्या आहेत. आमच्या दोन घरांत एकच भिंत. प्रथम मी त्यांच्याकडे गेलो तो तक्रार घेऊन. माझ्या सायंकाळच्या पाठात त्यांच्या यंत्राची घरघर मिसळत असे. त्यांनी शांतपणे विचारले, "किती वाजता असतं तुमचं?" मी म्हणालो, "सातला." ते म्हणाले, "मग सातला माझा चहा." त्या दिवसापासून सात ते साडेसात त्यांचे लेथ बंद राहू लागले. मी शाळेत संस्कृत शिकवत होतो, ते शेतकऱ्यांचे पंप, गिरण्या, मळणीयंत्रे जिवंत ठेवत होते. त्या अर्ध्या तासाच्या सौजन्यावर आमची मैत्री उभी राहिली.

गेल्या वर्षी श्रावणात त्यांच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक करडा डाग आला. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचे दिसत राहील, मधले परत यायचे नाही. दस्तगीरभाईंनी ते मला त्यांच्या शब्दांत सांगितले. "ज्येच्याकडं बघावं त्येच जातं, गुरुजी. बाजूचं समदं दिसतं. तुमच्या तोंडाकडं बघितलं की तोंड जातं, टोपी ऱ्हाती."

मी म्हणालो, "मग टोपीकडे बघा."

"तेच करतोय. म्हनून तर वळखलं."

ते हसले खरे, पण लेथच्या मूठचक्राला जी अंकांची कडी असते, तिच्यावरच्या रेघा त्यांना आता दिसत नव्हत्या. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ती दिसत नसेल तर मापाचे काम संपले. त्यांनी स्वतःलाच मुदत घालून घेतली: दिवाळीपर्यंत माप धरता आले तर लेथ राहील, नाही तर जाईल. "अंदाजानं केलेला जॉब मी आजवर कुनाला दिला न्हाई," ते म्हणाले, "आन् आता म्हातारपणी बी देनार न्हाई." तळेगावचा एक जुनी यंत्रे घेणारा मनुष्य येऊन लेथ पाहूनही गेला. तो गेल्यावर दस्तगीरभाई बराच वेळ फडक्याने लेथ पुसत राहिले. पुसण्यासारखे तिथे काही नव्हते.

तेव्हा भाद्रपदात मी त्यांना म्हणालो की रेघा मी वाचतो, तुम्ही चाक फिरवा.

ते दिवस माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या निर्मळ दिवसांपैकी होते. लेथजवळ एक लाकडी स्टूल, माझा चष्मा, हातात विजेरी. बाहेर पाऊस ओसरत आलेला, पडवीच्या पत्र्यावरून थेंब चुकतमाकत पडणारे, आत पितळेच्या किसाचा आणि तापलेल्या तेलाचा वास. मी जन्मभर ग्रंथ वाचले. परंतु इतकी बारीक लिपी इतक्या जबाबदारीने कधी वाचली नव्हती. पहिल्याच दिवशी माझी खोड उघडी पडली. माझ्या जिभेला स्वरात लांबवण्याची सवय. मी "तीऽऽस" म्हणालो आणि दस्तगीरभाईंनी मूठ सोडून दिली.

"गुरुजी, मंतर म्हनू नका, आकडा म्हना. तुमचा तीस संपंस्तवर टूल पस्तिसावर जातं."

मी आकडे तोडून म्हणायला शिकलो, आणि धारदार हत्याराला टूल व फिरणाऱ्या तुकड्याला जॉब म्हणायलाही. सत्तराव्या वर्षी शिकण्यासारखे काही मिळणे ही देवाची कृपाच.

त्या स्टुलावर बसून मी त्यांच्या हाताची एक रीत पाहिली. कोणत्याही आकड्यावर ते थेट येत नसत. जुन्या यंत्राच्या आट्यांत थोडी ढिलाई असते. चाक उलटे फिरवले तर हत्यार लगेच हलत नाही, आधी ती ढिलाई संपते आणि मग हलते. म्हणून आकडा ओलांडला गेला तर ते चाक अर्धा फेरा मागे नेत आणि पुन्हा त्याच एका बाजूने सावकाश पुढे येत. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मला माझी पाठशाळा आठवली. आम्हां मुलांकडून पदे अशीच म्हणवून घेत: दोन पदे सरळ, तीच उलट, तीच पुन्हा सरळ. तेव्हा तो छळ वाटे. पाठांतरातली ढिलाई अशीच काढावी लागते हे मला समजले ते एका टर्नरच्या पडवीत, दाढीचे पांढरे खुंट वाढवून स्टुलावर बसलो असताना.

मी जवळचे नीट दिसणारा, पण लवकर थकणारा माणूस. तासाभराने रेघा माझ्याही डोळ्यांपुढे पोहत. ही व्यवस्था टिकणार नाही हे आम्हा दोघांना कळत होते आणि दोघेही ते बोलत नव्हतो. बोलली ती नसीम.

नसीम ही दस्तगीरभाईंची एकुलती मुलगी. सासर गावातच. ती नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात, तयार झालेले भाग मापात आहेत की नाहीत हे तपासण्याच्या विभागात काम करते. वडिलांनी तिला लहानपणापासून लेथजवळ उभे राहू दिले नव्हते. तरुणपणी त्यांनी एका सोबत्याची बाही यंत्रात ओढली जाताना पाहिली होती. ओढणी आणि लेथ एका खोलीत नको, असा त्यांचा नियम. एका रविवारी ती एक खोके घेऊन आली आणि तिने जाहीर केले की लेथला डीआरओ बसवायचा. हत्याराबरोबर सरकणारी एक पट्टी, तिच्यावर फिरणारे एक वाचक डोके, आणि हत्यार किती सरकले ते ठळक आकड्यांत दाखवणारा एक पडदा, असे ते साधन.

"मला डबी नको," दस्तगीरभाई म्हणाले. "मला गुरुजी हाईत."

"गुरुजी रात्री घरी जातात, अब्बा. आणि त्यांना मोतीबिंदू आहे."

"तुला कुनी सांगितलं?"

"त्यांनी परवा माझ्या सासूला मी समजून हाक मारली."

हे खरे होते. मी विषय बदलला.

"आणि तुमच्या वयाच्या टर्नरांचे जॉब मी रोज परत पाठवते," ती पुढे म्हणाली.

"माझा एक पाठवून दाखव."

"बसवू द्या. मग पाठवते."

बसवायला दोन रविवार गेले. जुन्या यंत्राचे अंग सरळ नसते. ओतकामाचा खडबडीतपणा, त्यावर रंगाचे थर, त्यावर तेलाची साय. नसीम कारखान्याचा जाड शर्ट घालून, केस बांधून, गुडघ्यावर बसून ते खरवडत होती. पट्टीसाठी लेथच्या अंगाला चार भोके पाडून आटे घालायचे होते. पहिल्या भोकाच्या वेळी दस्तगीरभाईंनी "थांब" म्हणून यंत्रावर तळवा ठेवला. "माझ्या घरात आल्यापास्नं ह्येच्या अंगाला भोक न्हाई पाडलं." मग त्यांनी बिस्मिल्ला म्हटले, मीही मनात माझ्या देवाचे नाव घेतले, आणि ते हात काढून घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत ते वळले नाहीत.

पट्टी हत्याराच्या वाटेला अगदी समांतर हवी. तिरकी बसली तर आकडे फसवतात. नसीमने काटा फिरणारे डायल गेज लावून पाहायला घेतले. तिच्या आधीच दस्तगीरभाईंनी पट्टीवरून अंगठा नेला. "डाव्या टोकाला चढलीय." गेजचा काटा तेच म्हणाला. नसीमने त्यांच्याकडे पाहिले आणि उजव्या टोकाखाली पितळेची पातळ पत्ती सारली. पडदा तिने आधी समोर लावला होता. ते समोर बघत आणि आकडे त्या करड्या डागात नाहीसे होत. मग तो सरकवत सरकवत डाव्या हाताला, खांद्याच्या वर नेला. दस्तगीरभाईंनी नजर जॉबवर ठेवली आणि डोळ्यांच्या कडेने वाचले, "शून्य. शून्य. शून्य." नसीमने नको इतक्या जोराने हत्यारे गोळा करायला सुरुवात केली.

मला अतिशय आनंद झाला. आणि हेही लिहिले पाहिजे की घरी येऊन पोथी उघडली तेव्हा त्या आनंदाखाली मला थोडे रिते वाटले. आता माझी गरज उरली नव्हती. वस्तुतः ज्या गोष्टीसाठी मी देवाकडे मागणे मागत होतो तीच घडली होती. तरीही पुढचे काही दिवस मी त्या पडवीत गेलो नाही. शिरगावच्या देवळात दर्शनाला जाऊन आलो, दिवाळीपूर्वीची पुस्तके झटकली, स्वतःला कामे लावून घेतली. ह्या माझ्या रुसव्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत होती, हे मला ठाऊक नव्हते.

एका सकाळी तुळशीला पाणी घालत असता नसीम दारात आली. कारखान्याच्या शर्टावर ओढणी घेऊन कामावर निघाली होती. "गुरुजी, येता का? अब्बांनी लेथवर चादर टाकलीय. तळेगावच्या माणसाला फोन लाव म्हणतायत."

मी तांब्या तसाच ठेवून गेलो. पडवीत लेथवर खरोखरच पांढरी चादर होती, कडा नीट खोचलेल्या. दस्तगीरभाई माझ्या स्टुलावर बसले होते. समोर पोत्यावर वडिवळ्याचे खंडूआबा. त्यांची भातगिरणी मुख्य दांड्याचे बुश झिजल्यामुळे बंद पडली होती. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी. ती बाहेरून तिच्या घराच्या, म्हणजे तिला धरणाऱ्या लोखंडी ठोकळ्याच्या, भोकात घट्ट बसावी लागते. भाताची कापणी झालेली, झोडणी चालू, आणि दिवाळीच्या तोंडावर गिरणीला कुलूप.

"घरात भाताची पोती आन् मी शेजाऱ्याकडं वाटीभर तांदूळ मागतोय," खंडूआबा मला म्हणाले. "पोरंटोरं हसत्यात गुरुजी."

"दुसरा टर्नर बघ, आबा," दस्तगीरभाई म्हणाले.

"दुसरा बघायला मला काय तुझ्यावानी कमी दिसतंय व्हय?"

त्यावर दस्तगीरभाई हसले नाहीत. तेव्हा मला प्रसंगाचे गांभीर्य कळले. टेबलावर एक बुश पडले होते, चकचकीत, देखणे आणि वाया गेलेले. शेजारी गनमेटलचा, म्हणजे पितळेसारख्या मिश्रधातूचा, उरलेला तुकडा. त्यातून आणखी एकच निघाले असते.

"काय झाले ते मला सांगा," मी म्हणालो.

"सांगन्यावानी काय न्हाई. हात ग्येला." मग त्यांनी सांगितले. "बुश मापाला आनत आनत शेवटाला आलो. कॅलिपर लावलं, पत्त्या घालून बघितलं. साठ जास्त. साठ काढायला कट घेतला. परत बघितलं तर तीस ऱ्हायलेलं. म्हटलं, बोट चुकलं आसंल. तीस काढायला ग्येलो, पंदरा ऱ्हायलं. पंदरा काढायला ग्येलो, सात-आठ ऱ्हायलं. दर बारीला निम्मं मागं ऱ्हातंय गुरुजी! मग माझं डोकं फिरलं. डबीकडं न बघता हातानंच एक कट मारला, आन् जॉब बारीक झाला. ग्येला."

मापाच्या त्या पोलादी पत्त्या त्यांना बोटांनीच ओळखू येत, हे मला माहीत होते. त्यांत चूक होणार नव्हती.

नसीम दाराला टेकून उभी होती. "डीआरओ बरोबर आहे, अब्बा. मी प्रमाण-तुकडा लावून दोनदा तपासला."

"मी कुटं म्हनतोय त्यो चूक हाय? म्हनून तर म्हनतो, हात ग्येला. हात ग्येल्यावर लेथ कशाला? काढ फोन."

दर वेळी निम्मे उरते. हे शब्द माझ्या कानात फिरत राहिले. आणि भाद्रपदातली ती पहिली दुपार माझ्यापुढे उभी राहिली. त्यांनी मला सांगितले होते, "तीस आलं की बोला." मी बोललो. जॉब मोजला तेव्हा तो साठने कमी झाला होता, आणि मी घाबरलो होतो की मी चुकीचे वाचले. तेव्हा त्यांनी आतून एक मुळा आणला, सुरी त्याला एका बाजूने टेकवली आणि मुळा बोटांत फिरवला. साल चहूकडून निघाली. "टूल एका बाजूनं तीस जातं, पर जॉब फिरतोय. म्हंजे ह्या अंगानं तीस आन् त्या अंगानं तीस. कडीवर म्या कायम निम्माच आकडा धरतो, गुरुजी."

मी विचारले, "दस्तगीरभाई, साठ काढायचे होते तेव्हा पडद्यावर किती आणलेत?"

"तीस."

"तीस का?" नसीमने विचारले.

"का म्हंजे? टूल तीस ग्येलं की जॉब साठ उतरतो. तुला कारखान्यात काय शिकवत्यात?"

नसीम दाराशी होती तिथेच खाली बसली. "अब्बा, तो आकडा टूलचा नाही. जॉबचा आहे. मी व्यासावर लावून ठेवलाय. साठ काढायचे तर साठच आणायचे. आमच्याकडे सगळे तसेच करतात, मला वाटलं तुम्हीपण..." तिने वर पडद्याकडे पाहिले. "मला माहीतच नव्हतं तुम्ही निम्मं करता ते. मी कधी इथं उभीच राहिले नाही."

दस्तगीरभाई आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते. म्हणजे त्यांना ते दिसावेत म्हणून तळव्यांच्या थोडे बाजूला बघत होते.

खंडूआबांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजे हात ग्येला न्हाई?"

"न्हाई," दस्तगीरभाई म्हणाले.

"मग चादर कशाला घातलीय? थंडी वाजती का त्येला?"

नसीम उठली. तिने स्वतःच चादर काढली आणि पडद्याकडे हात नेला. एक कळ दाबली की तो पूर्वीच्या कडीप्रमाणे टूलचा आकडा दाखवू लागेल, असे तिने सांगितले. वडिलांना काहीच बदलावे लागणार नव्हते. दस्तगीरभाईंनी तिचे मनगट धरले.

"तुझ्या हाताला कंचा आकडा बसलाय?"

"पुरा. पण माझं काय अब्बा, तुमची एवढ्या वर्षांची सवय..."

"माझी सवय म्या मोडीन. माझे डोळे किती दिस साथ द्येतील, ठावं न्हाई. तू हितं हुबी ऱ्हाशील तवा निम्मं करायला इसरशील आन् लोकांचे जॉब खाशील."

नसीम त्यांच्याकडे पाहत राहिली. "मी? इथं?"

"मग काय गुरुजींनी?"

"आणि ओढणी?"

"खुंटीला लाव," ते म्हणाले. "आन् कामावर फोन कर, उशीर हुईल म्हनून."

तिने फोन केला. ओढणी खुंटीला लावली. उरलेला तुकडा चकमध्ये, लेथच्या फिरत्या पकडीत, आवळला गेला आणि लेथ सुरू झाले. मुठीवर दस्तगीरभाईंचा हात होता. शेजारी, प्रथमच, ती उभी. मी ह्या वेळी काहीच वाचत नव्हतो, तरी मनात आकडे तोडून म्हणत होतो. शेवटच्या कटाच्या आधी ते थांबले. ओठ हलत होते. पाठशाळेत स्वर बदलायला सांगितलेला मुलगा जसा आधी मनात म्हणून पाहतो, तसे. "साठ म्हंजे साठ," ते पुटपुटले. जुन्या सवयीने चाक अर्धा फेरा मागे नेले, ज्याची आता ह्या पट्टीमुळे गरज नव्हती, आणि सावकाश पुढे आले. हात तिसावर अडखळला. मी पाहिला. नसीमनेही पाहिला. हात पुढे गेला.

पितळी रंगाचा बारीक कीस भाताच्या फोलासारखा तिच्या शर्टावर उडाला. खंडूआबांनी गिरणीतून काढून आणलेले बुशचे घर पुढे केले. दस्तगीरभाईंनी बुश पुसले, भोकाला लावले आणि अंगठ्याने दाबले. ते जड जड, रडतखडत, पण कुठेही न अडता आत गेले. मग त्यांनी ते नसीमच्या हातात दिले.

"तपास. परत पाठवायचं आसंल तर आत्ताच सांग."

तिने मापाचे व्हर्नियर लावले, दोन जागी फिरवले, पुन्हा लावले. ती आपल्या कामाच्या खुर्चीवर असल्यासारखी गंभीर होती. "पास," ती म्हणाली.

वाचकहो, ज्या ज्या घरात हा लेख वाचला जाईल, त्या घरातल्या थकलेल्या डोळ्यांना सवितानारायण त्याच्या कडेचा तरी प्रकाश देवो. त्या घरातल्या वडिलांना आपली विद्या देण्याची आणि मुलींना ती मागण्याची बुद्धी होवो. तुमच्या हातचे काम मापाला उतरो, तुमच्या कोठारात नवा भात येवो आणि तो वेळेवर दळला-कांडला जाऊन तुमच्या पानात पडो. त्या घराच्या भिंतीपलीकडे एखादा भला शेजारी असो, आणि तो रुसून बसला असेल तर त्याला हाक मारणारे कुणी दारात येवो.